सविताताईंचं उलटं सीमोल्लंघन

योगेश बोरस्ते आणि सविताताई खैरनार यांची पहिली भेट झाली तेव्हा द्वारका चौकातली सगळी वाहतूक थांबली होती. द्वारकेची वाहतूक तशी रोजच थांबते, त्यासाठी कुणाला कुणाची भेट घ्यावी लागत नाही. पण त्या दिवशी ती सविताताईंच्या आवाजाने थांबली, असं योगेश आजही देवाची शपथ घेऊन सांगतो.

"ओ हेल्मेट! पाय उचला! आईवर उभे आहात!"

या हाकेसरशी मुंबईकडे निघालेले ट्रक जागच्या जागी गोठले, पुण्याची एसटी चार हात मागे सरकली, हवालदाराची शिट्टी त्याच्याच घशात गेली आणि उड्डाणपुलाखालची कबुतरं उठली ती थेट मालेगावला जाऊन बसली. योगेशने घाबरून खाली पाहिलं. फुटपाथवर लालभडक रेडियमची लांबलचक पट्टी अंथरलेली होती, तिच्यावर 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं होतं आणि त्याचा बूट बरोबर पहिल्या शब्दावर होता. त्याने पाय उचलला. दुसरा कुठे ठेवावा हे न कळल्यामुळे तो काही काळ चौकात एका पायावर उभा राहिला, आणि त्याच अवस्थेत त्याने स्कूटरच्या नंबरप्लेटचा भाव विचारला.

"आधी दोन्ही पायांवर या, मग भाव," सविताताई म्हणाल्या.

'सावळीराम आर्ट्स' हे दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, एक संगणक, रेडियम कापणारं यंत्र आणि दाराशी स्टुलावर बसलेले खुद्द सावळीराम पेंटर, म्हणजे सविताताईंचे सासरे. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकांची नावं हाताने रंगवली जात होती त्या काळात सावळीराम पेंटरच्या ब्रशाला तोड नव्हती. त्यांचा 'श' पाहून ड्रायव्हर लोक गाडीला हार घालायचे. पुढे रेडियम आलं, ब्रश गेले, आणि त्यांचे हातही थरथरायला लागले. चहाची बशी तोंडापर्यंत नेताना अर्धा चहा सदरा पिऊन टाकायचा. जीभ मात्र तसूभरही थरथरत नव्हती.

सून सटाण्याची. एरवी त्या नाशिकचं छान शहरी मराठी बोलत. राग आला की मात्र थेट माहेरी जात. "हाई काय शे भो?" असं अहिराणीतून दुकानात ऐकू आलं की शेजारचा चहावाला गॅस बारीक करून बाजूला उभा राही. नवरा दीपक स्वतःचा टेम्पो चालवायचा आणि बहुतेक वेळ बाहेरगावी असायचा. ही त्याची हुशारी होती, असं सावळीराम सगळ्यांना सांगत.

योगेश सिडकोतल्या एका कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळायचा. लिनक्स या संगणकप्रणालीवर त्याची श्रद्धा होती. म्हणजे किती? लोक किल्लीला गणपती नाहीतर साईबाबा लावतात. त्याच्या स्कूटरच्या किल्लीला लिनक्सचा पेनड्राइव्ह लोंबकळत असे. कुठल्याही दुकानात संगणक अडलेला दिसला की हा दुसऱ्याच्या लग्नात पंगत वाढायला धावणाऱ्या माणसासारखा धावायचा. सविताताईंचा संगणक तेव्हा कायमच आजारी असे, कारण गिऱ्हाईक ड्रायव्हर. डिझाइनचा फोटो घेऊन येणार गाण्यांच्या पेनड्राइव्हमध्ये, आणि त्या गाण्यांबरोबर भिवंडीपासून इंदूरपर्यंतचे व्हायरस दुकानात उतरणार. योगेशने एका रविवारी तिथे लिनक्स बसवलं. व्हायरस बंद झाले. सविताताईंनी त्याला मिसळ खिलवली आणि तो कायमचा त्या दुकानाचा झाला.

मग त्या दोघांनी मिळून ते मोठं काम केलं. सावळीरामांनी हात चालत होते तेव्हा वर्तमानपत्रांवर, पुठ्ठ्यांवर काढलेली अक्षरं सविताताईंनी माळ्यावर जपून ठेवली होती. निम्म्यांना उधई लागलेलीच होती. उरलेली रविवारमागून रविवार बसून योगेशने संगणकात चढवली. एकेका जोडाक्षराला सासरा-सुनेत भांडण व्हायचं.

"त्त ची काठी वाकडी आलीये."

"मामंजी, तुमच्याच हातची आहे."

"माझ्या हातची असेल. माझ्या डोळ्यांची नाही. सरळ कर."

पावसाळाभर हे चाललं. शेवटी 'सावळीराम' नावाचा फॉन्ट तयार झाला. कळफलकावर टायपलं की पडद्यावर थेट पेंटरचा हात उमटायचा, आणि यंत्र तो हात रेडियममध्ये कापून द्यायचं. सावळीरामांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. तो त्यांच्या आयुष्यातला बहुधा एकमेव असा प्रसंग असावा.

"याची एक प्रत मी घरी ठेवतो," योगेश म्हणाला.

"मुळीच नाही," सविताताई म्हणाल्या. "अक्षरं उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत. समोर सनी बसलाय जिभल्या चाटत."

रस्त्यापलीकडे 'सनी रेडियम' होतं. सनी वाईट माणूस नव्हता; त्याला फक्त दुसऱ्याचं सगळंच फार आवडायचं. एकदा त्याने सविताताईंच्या दुकानाची पाटी नुसती मोबाइलने टिपली, तर ताईंनी भररस्त्यात त्याच्याकडून तो फोटो पुसून घेतला होता. तर प्रत घेतली गेली नाही. माळ्यावरचे कागद पुढच्या पावसात उधईने पुरते संपवले. आता सावळीराम पेंटरची अक्षरं जगात एकाच ठिकाणी होती. त्या टेबलावरच्या त्या खोक्यात.

आता दसऱ्याकडे येऊ.

संगणकाच्या कोपऱ्यात बरेच दिवस एक सूचना येत होती: लिनक्सची नवी आवृत्ती आली आहे, घालायची का? योगेशने सांगून ठेवलं होतं, "ताई, घाई नका करू. मी येईन तेव्हा बघू." सविताताईंनी घाई केली नाही. त्यांनी मुहूर्ताची वाट पाहिली. नवी गोष्ट आहे ना, मग ती अमावास्येला कशी घालायची? पितृपक्षात तर प्रश्नच नव्हता. खंडेनवमीला त्यांनी संगणकाला आणि कटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि दसऱ्याच्या सकाळी शुभ घटिका पाहून, डोक्यावर पदर घेऊन, बटण दाबलं.

दसरा! म्हणजे रेडियमवाल्याची दिवाळी, ईद आणि वाढदिवस एकाच दिवशी. नाशिक जिल्ह्यात जेवढे म्हणून ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा त्या दिवशी शोरूमच्या बाहेर पडतात ते सगळे नावं टाकायला द्वारकेला येतात. विनानावाची नवी गाडी घरी नेणं म्हणजे बारशाशिवाय मूल शाळेत घालणं. वणीचे गोरक्ष गांगुर्डे नवा ट्रॅक्टर घेऊन आले होते, त्यांना पुढे 'सप्तशृंगी प्रसन्न' हवं होतं. मालेगावचे अमीरभाई नवा टेम्पो घेऊन आले होते, त्यांना काचेवर मुलीचं नाव हवं होतं. त्यांच्यामागे रांग पार सिग्नलपर्यंत गेलेली.

नवी आवृत्ती झोकात बसली. पडदा निळाशार, चिन्हं गोलमटोल. सविताताईंनी 'सप्तशृंगी प्रसन्न' टाइप केलं, कापायचं बटण दाबलं, आणि कटर ढिम्म. पुन्हा दाबलं. कटरने झेंडूची माळसुद्धा हलू दिली नाही. पडद्यावर ओळ आली की असं कुठलं यंत्र जोडलेलंच नाही.

"हाई काय शे भो?"

चहावाल्याने गॅस बारीक केला.

योगेश घरी श्रीखंड-पुरीच्या ताटावर होता. फोन आला आणि तो हात धुऊन निघाला, बायको तेजल म्हणाली, "जा, तुझं सासर द्वारकेलाच आहे." तो पोचला तेव्हा सनी आधीच रस्ता ओलांडून आलेला होता आणि अतिशय गोड आवाजात सल्ला देत होता.

"ताई, फॉरमॅट मारून टाका. सगळं पुसायचं, नव्यानं घालायचं. माझ्या ओळखीचा पोरगा आहे, लगेच येईल."

"पुसायचं म्हणजे? आतलं?"

"आतलं जाईलच ना. त्याशिवाय कसं?"

सविताताईंनी हातातलं ब्लेड टेबलावर ठेवलं. अगदी हळू ठेवलं. सनी आपोआप रस्त्यापलीकडे गेला.

योगेशने वायर बदलून पाहिली, दुसऱ्या भोकात घालून पाहिली. संगणक मागच्या आवृत्तीचा गाभा घेऊन चालू करून पाहिला. तो चालू झाला, पण कटरशी बोलेना. नवी आवृत्ती आणि जुना कटर एकमेकांना ओळखच देत नव्हते, एका गावचे असून लग्नात तोंड फिरवणाऱ्या भावकीसारखे.

"ताई, एकच उपाय. मागे जायचं. आधीची आवृत्ती परत घालायची."

"दसऱ्याला पुढं जातात भाऊ, सीमोल्लंघन करतात. मागं कोण जातं?"

"घाटात गाडी अडली की ड्रायव्हर रिव्हर्स घेतोच की."

हे रांगेतल्या ड्रायव्हरांना एकदम पटलं. अमीरभाई म्हणाले, "बराबर बोलले सर. कसाऱ्यात मी घेतलेला आहे."

"आणि आतलं?" सविताताईंचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"हात लागणार नाही." योगेश आता लॅबमध्ये उभा असल्यासारखा बोलायला लागला. "मी तेव्हाच दोन कप्पे केले होते. एका कप्प्यात नुसता संगणक चालवणारा संच, दुसऱ्यात तुमचं सामान. संचाचा कप्पा पुसायचा, तिथं जुना संच बसवायचा. सामानाच्या कप्प्याकडे बघायचंसुद्धा नाही. घरातली चूल बदलतो तेव्हा कुणी कपाट जाळतं का?"

त्याने किल्लीचा पेनड्राइव्ह सोडवला. त्यात जुनी आवृत्ती होतीच. देव पावतात ते असे. इकडे गोरक्षभाऊंची चुळबुळ सुरू झाली होती. घरी ओवाळायला आरती घेऊन सगळे उभे होते, फोनवर फोन येत होते. सविताताईंनी एकवार कटरकडे पाहिलं, लाल रेडियमचा तुकडा फुटपाथवर पसरला, ब्लेड उचललं आणि गुडघ्यांवर बसल्या. "बसा गोरक्षभाऊ. तुमचं हातानं कापते."

रांगेने माना पुढे काढल्या. 'सप्तशृंगी' हाताने कापणं म्हणजे काय हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं. साधा 'स' कुणीही कापेल. 'प्त' लाही हात बसतो. पण तो 'शृं'! वर टिंब, खाली ऋकार, मध्ये शची गाठ. रेडियम तिथे हमखास फाटतं. सविताताईंनी काही आखलं नाही, रेघ मारली नाही. ब्लेड ठेवलं आणि ओढत गेल्या. सासऱ्यांची नजर त्यांच्या मनगटावर खिळलेली होती.

योगेश पडद्यासमोर होता. जुना संच कुठल्या कप्प्यात घालायचा हे त्याने निवडलं होतं. 'हा कप्पा पुसला जाईल, नक्की?' असं पडदा विचारत होता. बोट बटणावर गेलं.

तेवढ्यात स्टुलावरून प्रश्न आला, "सूनबाई, माझी अक्षरं कोणत्या कप्प्यात आहेत?"

"काळजी नको मामंजी," सविताताई मान वर न करता, मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "कुलपात आहेत."

योगेशचं बोट जागीच थबकलं. "कोणत्या कुलपात?"

"अहो, ते नाही का, आतल्या कप्प्यात जायला पासवर्ड मागतं? सामानाच्या कप्प्यात कुणीही शिरतं. म्हणून मी गेल्या दिवाळीच्या साफसफाईत अक्षरं तिकडून काढून आत नेऊन ठेवली. सोनं आपण बाहेरच्या कपाटात ठेवतो का? देवघरामागंच ठेवतो ना?"

योगेशने बोट बटणावरून इतक्या सावकाश उचललं, जसं विंचवावरून उचलावं. पासवर्ड त्यानेच दिलेला होता. अडीअडचणीला असू द्या म्हणून. जगातली एकमेव 'सावळीराम' अक्षरं, अत्यंत सुरक्षित अशा कुलपात, बरोबर त्याच खोलीत बसली होती जी तो आता पाडणार होता.

"ताई," तो म्हणाला, "आपण आता सोन्यासकट देवघर पाडणार होतो."

सविताताईंचं ब्लेड थांबलं. 'शृं' च्या मधोमध थांबलं. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सावळीरामांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि नेहमीपेक्षा जास्त हलत होते.

"मग काढा बाहेर," त्या म्हणाल्या.

"कशावर काढू? माझ्या पेनड्राइव्हमध्ये संच आहे. दुसरा लागेल. आणि ताई, सामानाच्या कप्प्यात नुसती हलवून भागणार नाही. माझा एक हात चुकीच्या कप्प्यावर पडला तर सगळंच जाईल. बाहेर प्रत हवी."

उंबऱ्याबाहेर. सविताताईंनी समोर पाहिलं. सनी आपल्या दारात दात कोरत उभा होता. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, मग सासऱ्यांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. योगेशला वाटलं, आता या नको म्हणतील.

"ए ड्रायव्हर मंडळी!" द्वारकेची वाहतूक पुन्हा थांबली. "गाण्यांचे पेनड्राइव्ह काढा!"

अमीरभाई पहिले आले. त्यांचा गच्च भरलेला होता, वरपासून खालपर्यंत कव्वाल्या. "पुसा बिनधास्त. गाणी पुन्हा भरता येतील. चाचांचा हात पुन्हा कुठून भरणार?" कुणी स्टिअरिंगजवळून उपसून आणला, कुणी गळ्यातून काढला. गोरक्षभाऊंच्या ट्रॅक्टरला नव्या टेपबरोबर फुकट मिळाला होता, त्यात अजून एकही गाणं पडलेलं नव्हतं. तो त्यांनी जोगव्याच्या परडीत टाकावा तसा टेबलावर टाकला.

"एक पुरे आहे," योगेश म्हणाला.

"एकावर माझा विश्वास नाही. सगळ्यांवर घाला."

मग प्रत्येकावर घातली. व्हायरस येतील या धास्तीने ज्या पेनड्राइव्हना या दुकानात बंदी होती, तेच आज पंगतीला बसले होते. योगेशने प्रत्येक प्रत उघडून तपासली. 'श' आला, 'त्त' ची काठी आली, सरळ केलेली. मग त्याने सविताताईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, आणि त्याने बटण दाबलं.

जुना संच चढत होता तोवर सविताताईंनी थांबलेला 'शृं' पुरा केला. 'प्रसन्न' कापलं. नको असलेलं रेडियम चिमट्याने उचललं, आणि खाली अख्खी ओळ उरली. कुठेही न फाटलेली. त्यांनी ती सासऱ्यांसमोर धरली.

सावळीराम स्टुलावरून पुढे वाकले. "शृंचं पोट जरा सुटलंय," ते म्हणाले.

"मध्ये थांबावं लागलं ना मामंजी."

"असू दे. बाईमाणसाच्या हातचं आहे, खाऊनपिऊन सुखी दिसतंय." मग गोरक्षभाऊंकडे वळून, साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लावा ट्रॅक्टरला. कुणी विचारलं तर सांगा, सावळीराम पेंटरच्या घरचं अक्षर आहे. यंत्राचं नाही."

गोरक्षभाऊ म्हणाले, "लय भारी झालंय ताई. नाय तर काय, यंत्राचं सगळ्यांकडंच हाय."

सविताताई लगबगीने आत गेल्या. डोळ्यात रेडियमचा कण गेला म्हणाल्या. रेडियमचे कण उडत नाहीत, हे योगेशला माहीत होतं.

संगणक चालू झाला. जुना ओळखीचा पडदा, चौकोनी चिन्हं. सामानाच्या कप्प्यात सगळं जसंच्या तसं होतं. फक्त डिझाइनचा प्रोग्रॅम रुसला, कारण त्याच्या सवयी नव्या आवृत्तीने बदलून ठेवल्या होत्या. योगेशने त्या सवयींची फाइल बाजूला सारली, तसा तो मुकाट उघडला. अमीरभाईंच्या पेनड्राइव्हवरून अक्षरं परत चढवली. या वेळी सामानाच्या कप्प्यात. सविताताईंनी 'आयशा' टाइप केलं. बटण दाबलं.

कटरने घसा खाकरला. मग झेंडूची माळ थरथरली, आणि कर्र करत पातं 'आ' वर उतरलं. रांगेने टाळ्या वाजवल्या. चहावाल्याने कुणी न सांगता चहा पाठवला. योगेशला तर वाटलं की आपण सप्तशृंगीचा गड पायीच चढून आलो. सविताताईंनी त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या सोनं. हे मात्र बाहेरच ठेवा."

पेनड्राइव्ह ज्याचे त्याला परत गेले. अक्षरं त्यांच्यातच राहिली, पुसून घ्यायला हवीत हे योगेशला सुचलं होतं, पण तो तोंड उघडायच्या आधीच ताई म्हणाल्या, "राहू द्या. उधई सगळ्यांच्या घरी एकदम लागत नाही." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सावळीराम पेंटरचा हात वणीला पोचला, मालेगावला पोचला, पेठच्या घाटात गेला, कव्वालीच्या आणि भक्तिगीतांच्या शेजारी बसून गावोगाव फिरायला लागला. ट्रकाच्या पाठीवरून तो आधीही फिरत होताच. आता आत बसून फिरायला लागला.

व्हायचं तेच झालं. दिवाळीला सनीच्या दुकानात लागलेल्या पाटीवरचा 'श' सविताताईंनी रस्त्यापलीकडून ओळखला. त्या पदर खोचून निघाल्याच होत्या, पण सावळीरामांनी काठी आडवी घातली. ते पाटीकडे पाहत होते.

"मामंजी, चोरलंय त्यानं."

"मग? त्याचं स्वतःचं अक्षर पाहिलंयस कधी? चांगलं केलं चोरलं." आणि त्या पूर्ण आठवड्यात ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समोरची पाटी काठीने दाखवत होते.

योगेशने या सगळ्याची गोष्ट कॉलेजात इतक्यांदा सांगितली की मुलं तिला उलट्या सीमोल्लंघनाचा तास म्हणायला लागली. जुनी आवृत्ती हीच खरी, तिला पर्याय नाही, आता ती आयुष्यभर हलवायची नाही, असं तो आणि सविताताई दोघंही छातीठोकपणे सांगत असत.

रंगपंचमीनंतर जुन्या कटरची मोटर जळाली. नवा कटर आणला, तो जुन्या आवृत्तीवर चालत नाही. म्हणून एका साध्या मंगळवारी, मुहूर्त न बघता, नवी आवृत्ती घातली. ती ठीक चालते.